खांबावरचा जोड आणि मुळशीचा पाऊस

पौड रस्त्यावर घोटावडे फाट्याला उत्तरेकडे वळले की घोटावडे, पुढे माण आणि मग हिंजवडी. एका टोकाला आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला पिरंगुटचे कारखाने आणि मधे सह्याद्रीच्या सोंडा. रिहे खोऱ्याच्या बाजूला तर वस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या. मुख्य रस्त्याने फायबर येते, पण शेतातल्या घरापर्यंत, पोल्ट्रीच्या शेडपर्यंत, टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीशी लावलेल्या कॅमेऱ्यापर्यंत ते ओढणे दर वेळी परवडत नाही. तिथे जीआय पाइपावर बसवलेला पाच गिगाहर्ट्झचा छोटा रेडिओ आणि त्यातून खाली उतरणारी एक काळी केबल कामी येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे, ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत, विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यानंतर अशा लिंक उभारणे आणखी सोपे झाले. पालघर जिल्ह्यातल्या गावांत आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने फायबर न पोहोचलेल्या वस्त्यांसाठी बिनतारी वाट चोखाळली, तीही याच गरजेपोटी.

मुलांचे ऑनलाइन वर्ग, हिंजवडीच्या कंपनीचे घरून चालणारे काम, सातबारा काढून देणारे सेवा केंद्र, किराणा दुकानातला क्यूआर कोड, हे सगळे त्या काळ्या केबलच्या टोकाला असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या एका जोडावर तोललेले असते. त्याला आपण आरजे-४५ म्हणतो. रुंदी जेमतेम बारा मिलिमीटर, आत पितळी-सोनेरी आठ पात्या, वर एक नाजूक खिटी. अशा घडणीचे जोड मुळात घरा-कचेऱ्यांतल्या टेलिफोनसाठी निघाले. १९९० साली पीळ दिलेल्या तारांवरून इथरनेट चालवण्याचे मानक ठरले, तेव्हा हाच जोड संगणकांच्या वाट्याला आला. भिंतीतल्या सॉकेटपासून टेबलाखालच्या संगणकापर्यंत, छपराखाली, कोरड्या हवेत राहायचे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. आपण तो मुळशीच्या पावसात वीस-तीस फूट उंच टांगतो आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे बघत नाही.

पावसाळ्यात लिंक बंद पडली तर पहिला संशय या जोडावर घ्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात तो शेवटी घेतला जातो, कारण मधे बरेच गैरसमज आडवे येतात.

गैरसमज : पाऊस लागला की लहरी अडतात, म्हणून नेट जाते.

“दादा, नेट पुन्हा गेलं बघा.” “काकू, पाऊस केवढा लागलाय! थांबला की येईल.” हे संभाषण जून ते सप्टेंबर मुळशी तालुक्यात कितीतरी वेळा होत असेल. काकूंना ते पटतेही, कारण घरावरच्या डिश टीव्हीचे चित्र धो-धो पावसात गोठलेले त्यांनी पाहिलेले असते.

डिशचा अनुभव खरा आहे, पण तो इथे लागू होत नाही. डिश टीव्हीच्या लहरी अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून अगदी क्षीण होऊन येतात. पावसाचे थेंब त्या कंप्रतेला चांगलेच शोषतात. पाच-सहा गिगाहर्ट्झवर गोष्ट वेगळी आहे. ताशी ५० मिलिमीटर म्हणजे छत्री निरुपयोगी ठरावी असा पाऊस. त्यातही ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची घट किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबलच्या आत राहते. तीन किलोमीटरच्या लिंकला फार तर एक-दीड डेसिबलचा फटका. नीट उभारलेल्या लिंकमध्ये याच्या कितीतरी पट वाव राखलेला असतो. साठ गिगाहर्ट्झची नवी यंत्रे असतील तर पाऊस खरोखर आडवा येतो. वाटेत झाड वाढले असेल तर ओली पानेही सिग्नल खातात. पण साध्या पाच गिगाहर्ट्झच्या, समोरासमोर दिसणाऱ्या लिंकसाठी पावसाची ढाल पुढे करणे चूक.

ओळखायचे कसे? वेळेकडे लक्ष द्यायचे. लहर पावसाने अडत असेल तर सर ओसरल्यावर काही मिनिटांत नेट परत येते. जोडात पाणी शिरले असेल तर पाऊस थांबून तास उलटले तरी येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडले, खांब तापला, जोड वाळला की आपोआप सुरू होते. पुढच्या सरीला पुन्हा बंद. आपोआप आले म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकी इथेच चूक होते. प्रत्येक वेळी वाळताना तांब्यावर थोडा हिरवा थर मागे राहतो. जुलैत तासभर जाणारे नेट सप्टेंबरात दिवसभर जाते ते त्यामुळे.

गैरसमज : दिवा लागलाय ना, मग केबल ठीक आहे.

दिवा एवढेच सांगतो की दोन यंत्रांची कशीबशी ओळख पटली आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. एक गिगाबिट वेगासाठी चारही लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. एक पाती सैल झाली की बरीच यंत्रे गिगाबिटवरून निमूट शंभरवर उतरतात, कधी दहावर. दिवा लागलेलाच राहतो. घरच्यांना फक्त ‘हल्ली नेट मंद झालंय’ एवढे जाणवते आणि मग जास्त पैशांचा प्लॅन घेतला जातो.

त्याच केबलमधून वीजही वर जाते, आणि गुंता इथून वाढतो. छोट्या रेडिओंमध्ये बहुधा साधी २४ व्होल्टची पीओई, म्हणजे केबलमधूनच वीज देण्याची सोय, असते. तिची वीज चौथ्या-पाचव्या आणि सातव्या-आठव्या तारेवरून जाते. पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी तार माहिती नेते. म्हणून कोणती पाती सैल आहे त्यावर लक्षण ठरते. विजेची पाती सैल असेल तर वाऱ्याच्या झोताबरोबर रेडिओ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. माहितीची सैल असेल तर रेडिओ चालू राहतो, टॉवरशी जोडलेलाही राहतो, पण घरात काही उतरत नाही.

हा फरक खांबावर न चढता कळतो. सेवा देणाऱ्या माणसाला पलीकडच्या टॉवरवरून तुमच्या रेडिओचे पान उघडता येते. त्याला तीन गोष्टी बघायला सांगा. रेडिओ किती वेळ अखंड चालू आहे? तो आकडा दर थोड्या वेळाने शून्यावर येत असेल तर विजेची वाट सैल आहे. लॅन पोर्ट किती वेगावर आहे आणि किती वेळा पडला-उठला? आणि तिसरे, त्या पोर्टवर चुकीच्या फ्रेम मोजणारा आकडा वाढतो आहे का? सिग्नल महिन्यापूर्वी होता तेवढाच, आणि या तिन्हींत काही बिघडलेले, असे असेल तर अँटेना हलवू नका. कारण बहुतेक वेळा तेच केले जाते. चांगली लावलेली अँटेना फिरवून पाहायची, रेडिओ रिसेट करायचा, शेवटी बदलायचा. नवा रेडिओ लावताना केबल काढून पुन्हा खोचली जाते, त्यात पाती घासून स्वच्छ होते आणि नेट सुरू होते. निष्कर्ष निघतो की जुना रेडिओ खराब होता. चांगली यंत्रे भंगारात जातात आणि सैल जोड तसाच राहतो.

गैरसमज : टक् असा आवाज आला की जोड पक्का बसला.

या आवाजावर फार भिस्त ठेवली जाते, म्हणून इथे जरा थांबू.

टक् आवाज खिटीचा असतो. खिटी जोडाला बाहेर सरकू देत नाही, केबलचा भार पेलणे तिचे काम नाही. जाड आवरणाची बाहेर लावायची केबल तीस मीटर उभी टांगली तर तिचे वजन सव्वा-दीड किलोच्या घरात जाते. हे वजन आणि वर वाऱ्याचे हेलकावे, दोन्ही त्या प्लास्टिकच्या काडीवर. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते आणि एखाद्या एप्रिलात खिटी तुटते. जोड जागेवरच दिसतो, पण अर्धा मिलिमीटर मागे सरकलेला असतो.

खिटी शाबूत असूनही जोड सैल असू शकतो. जोडाच्या मागच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो, क्रिंप करताना तो केबलचे आवरण दाबून धरतो. कार्यालयातली केबल बारीक असते, तिचे आवरण सहज आत जाते. बाहेरच्या दुहेरी आवरणाच्या केबलचे जात नाही. मग घाईत काय होते? आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोलतात, नुसत्या आठ तारा आत घालतात आणि दाबून मोकळे होतात. आता केबलचा सगळा ताण त्या आठ बारीक तारांवर. केबलचे बाहेरचे आवरण काढून आतले आवरण दांड्याखाली जाईल असे करा, किंवा जाड केबलसाठी मिळणारे मोठ्या तोंडाचे कनेक्टर आणा. केबलची तार भरीव आहे की अनेक पदरी, त्याप्रमाणे पात्यांची रचनाही वेगळी असते. पदरी तारेसाठीचा जोड भरीव तारेवर दाबला तर तो मीटरवर पास होतो, पण वर्षभर टिकेलच असे नाही. तारा पुढून आरपार निघतात ते कनेक्टर मारायला सोपे खरे, पण कापलेली तांब्याची टोके समोर उघडी राहतात. ते घरात वापरा, खांबावर नको.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याने खांब थरथरतो. त्या थरथरीत पाती आणि सॉकेटची तार एकमेकींवर मिलिमीटरच्या शतांशाएवढ्या सतत घासतात. चांगल्या कनेक्टरच्या पातीवर सोन्याचा मुलामा ५० मायक्रोइंच, म्हणजे सव्वा मायक्रॉन असतो. स्वस्त मालावर तो याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही सापडतो. तो घासून गेला की खालचा धातू उघडा पडतो, गंजतो आणि संपर्क तुटक होतो. जोड बाहेरून घट्ट, आतून सैल. कनेक्टरच्या किमतीत वाचवलेले चार-दोन रुपये इथे फार महाग पडतात.

उपाय साधा आहे. केबलचा भार खांबाने घ्यायचा. रेडिओच्या खाली साधारण वीतभर अंतरावर केबल खांबाला पहिल्यांदा बांधा आणि मग दर मीटरला. त्या पहिल्या बंधनाच्या वर केबल सैल, हलकी वळलेली राहिली पाहिजे. रेडिओच्या तोंडाशी हात लावला तर जोडावर ताण जाणवता कामा नये. केबल टाय काळे घ्या, उन्हात टिकणारे असे लिहिलेले. पांढरे टाय उन्हात लवकर कडकडून तुटतात आणि मग सगळी केबल पुन्हा जोडाला लोंबकळते. टाय आवळून केबल चेपायची नाही. वळण केबलच्या जाडीच्या चौपटीहून लहान ठेवायचे नाही. आणि बांधलेली केबल माकडांच्या हाती सहज लागत नाही, हाही फायदा डोंगराकडेच्या घरांना लहान नाही.

गैरसमज : टेप भरपूर गुंडाळली, वरून पिशवी बांधली, भोके सिलिकॉनने बुजवली. आता पाणी शिरेल कुठून?

पाणी हवेतून शिरते. दुपारी रेडिओचे खोके तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की खोके झटकन गार होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. आतल्या थंड भिंतींवर तिचे दव होते. सगळीकडून बंद केलेल्या पिशवीत हे पाणी साचत जाते, त्याला बाहेर पडायला वाट नसते. पिशवी बांधलेला जोड उघड्या जोडापेक्षा लवकर हिरवा पडू शकतो तो यामुळे. म्हणून रेडिओचे तोंड खाली हवे, झाकण जागेवर हवे आणि खालच्या बाजूला कंपनीने ठेवलेले निचऱ्याचे भोक उघडे हवे. मुंग्यांनी ते मातीने भरले असेल तर साफ करा, पण बुजवू नका.

साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद चैत्र-वैशाखाच्या उन्हात पातळ होतो, टेप घसरते आणि मृगाच्या पावसाला वाट मोकळी. उघड्यावरच्या जोडाला आधी रबराची, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी टेप लावायची. तिला गोंद नसतो. ती ताणून, अर्धा पदर अर्ध्यावर येईल अशी गुंडाळली की काही वेळात तिचे एकसंध रबर बनते. तिला ऊन सोसत नाही, म्हणून वरून उन्हात टिकणारी काळी पीव्हीसी टेप. दोन्ही टेपा खालून वर गुंडाळायच्या. मग प्रत्येक वरचा पदर खालच्यावर कौलासारखा बसतो आणि ओघळ बाहेरच्या बाहेर जातो. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदराची कड आभाळाकडे तोंड करून पाणी झेलते. शेवटचा वेढा न ताणता सोडायचा, नाहीतर टोक सुटते.

सिलिकॉन लावायचेच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे नको. ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते आम्ल तांब्याला खाते. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेले घ्या, आणि तेही केबल जिथून घरात शिरते त्या भिंतीच्या भोकाला. एम-सीलने तर कनेक्टर कधीच बुजवू नये. पुढच्या वेळी तो काढताना सॉकेटच उखडते. जोडाच्या आत थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरणे मात्र उपयोगी. ग्रीस वीज वाहू देत नाही, मग संपर्क कसा होणार, अशी शंका येते. पाती दाबाने बसते तेव्हा स्पर्शाच्या जागचे ग्रीस बाजूला सरते आणि उरलेली पोकळी भरून राहते. पाण्याला जागाच राहत नाही.

या सगळ्याहून स्वस्त उपाय केबलच्या वळणाचा आहे. रेडिओत किंवा भिंतीत शिरण्याआधी केबल प्रवेशाच्या पातळीखाली उतरवून मग वर न्यायची. केबलवरून ओघळणारे पाणी त्या खालच्या वळणावरून टपकून जाते. याला एक पैसा लागत नाही, आणि तरीही हे वळण नसलेले खांब मला जिकडे तिकडे दिसतात.

गैरसमज : खोक्यावर आयपी ६७ लिहिले आहे, म्हणजे पाण्याची चिंता नाही.

पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ पूर्ण बंद, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी नुकसान नाही. ही चाचणी नव्या खोक्यावर, झाकण पूर्ण आवळून, ठरलेल्या जाडीची केबल ग्लँडमधून घेऊन झालेली असते. बारीक केबल घातली, ग्लँडचे रबर बसवायचे राहिले किंवा ते खिशातच राहून गेले, तर छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

गैरसमज : खालचा अडॅप्टर जळाला, त्याचा वरच्या जोडाशी काय संबंध?

संबंध थेट आहे. वर खांबावर केबलचे आवरण फाटले किंवा टोक उघडे राहिले तर पाणी आवरणाच्या आतून, तारांच्या मधल्या पोकळीतून खाली उतरते. केशाकर्षण आणि उतार दोन्ही त्याला मदत करतात. ते बाहेर पडते घरात, टीव्हीच्या कपाटामागे, पीओई अडॅप्टरच्या सॉकेटमध्ये. तिथे व्होल्टेज चालू असते, त्यामुळे ओल्या पात्यांमध्ये विद्युत अपघटन सुरू होते आणि धन बाजूची पाती झपाट्याने झिजते. अडॅप्टर बदलला की थोडे दिवस बरे चालते, मग तोही जातो. घरातल्या सॉकेटमध्ये हिरवी पूड दिसली तर वर बघायला हवे.

हिरवे टोक खरवडून पुन्हा कनेक्टर मारणे फुकट. केबल मागे मागे कापत जायचे, आतले तांबे लख्ख दिसेपर्यंत. म्हणून उभारतानाच खांबाच्या पायथ्याशी दीड-दोन मीटर केबलचे वेटोळे राखून ठेवावे. ते नसले की कापायला केबल पुरत नाही, मग उघड्यावर मधेच एक सांधा दिला जातो, आणि अडचणीचा नवा जोड तयार होतो.

गैरसमज : केबल म्हणजे केबल, स्वस्त मिळाली ती घ्यावी.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल खऱ्या तांब्याच्या निम्म्या-पाऊण भावात मिळते. दिसायला तीच, वजनाला हलकी. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. बारा वॉटचा रेडिओ ८० मीटर केबलवर २४ व्होल्टने चालवला तर खऱ्या तांब्यात तीन-चार व्होल्ट वाटेत जातात, या केबलमध्ये पाच-सहा किंवा त्याहून अधिक. रेडिओला मग तग धरण्यापुरतीच वीज उरते आणि जोड जरा सैल पडला की तो बंद पडतो. ही तार वाकवली-सोडली की लवकर तुटते, आणि मुलामा निघाला की ॲल्युमिनियमवर रोधक थर जमतो. चाकूने तार खरवडून बघा. आत चांदीसारखी पांढरी दिसली तर ती दुकानदाराला परत द्या.

आवरणही पाहा. घरातल्या राखाडी पीव्हीसी केबलला उन्हाने भेगा पडतात. खांबावर काळ्या पॉलिइथिलीन आवरणाची, बाहेरच्या वापरासाठी बनवलेली केबलच हवी.

गैरसमज : वीज खांबावर पडली तरच नुकसान होते, आणि अरेस्टर लावला की भीती नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात इकडे ढग फार गडगडतात. वीज शेजारच्या टेकाडावर पडली तरी तीस मीटरच्या केबलमध्ये क्षणभर मोठा दाब प्रवर्तित होतो आणि इथरनेटचे पोर्ट जळते. बर्कले विद्यापीठाच्या गटाने तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला खेड्यांतल्या तपासणी केंद्रांशी लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडले होते. त्यांनी २००८ साली मांडलेला अनुभव असा, की बिघाडांच्या मुळाशी बहुतेक वेळा रेडिओ नव्हता, वीजपुरवठ्याचा दर्जा होता. ग्रामीण बिनतारी जाळ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

शील्ड असलेली केबल आणि सर्ज प्रोटेक्टर, म्हणजेच अरेस्टर, दोन्ही चांगले, पण त्यांनी पकडलेला भार जमिनीत गेला तरच. शील्डची केबल प्लास्टिकच्या साध्या कनेक्टरमध्ये संपवली तर शील्ड अधांतरी राहते. धातूचे कवच असलेला कनेक्टर लावून आतली उघडी तार त्याला भिडवायला हवी. प्रोटेक्टरचा अर्थिंगचा स्क्रू मोकळा सोडला तर तो नुसताच आणखी दोन सैल जोड वाढवतो. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, वर मुरमाचा थर पातळ. अशा जमिनीत एक सळई ठोकून चांगले अर्थिंग होईलच असे नाही. अर्थिंगचे काम ‘आयएस ३०४३’ या भारतीय मानकाप्रमाणे जाणकाराकडून करून घ्यावे, रोध मोजून घ्यावा, आणि खांबाचे अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडलेले असावे. दोन्ही वेगवेगळी ठेवली तर विजेच्या वेळी त्या दोघांमधला दाबाचा फरक केबलमधूनच वाट काढतो. थेट पडलेल्या विजेपुढे मात्र यातले काही टिकेल अशी खात्री कोणी देऊ नये.

गैरसमज : जोड घट्ट करणे दोन मिनिटांचे काम. पाऊस जरा उघडला की वर जाऊन खोचून येतो.

हा गैरसमज जीव घेऊ शकतो. ओला जीआय पाइप, शेवाळलेला स्लॅब, पायात चप्पल, कमरेला दोरी किंवा तीही नाही. कमरेच्या पट्ट्याने पडणे थांबले तरी पाठीचा कणा सुटत नाही. पूर्ण अंगाला बसणारा ‘आयएस ३५२१’ मानकाचा हार्नेस हवा आणि तो खांबापेक्षा भक्कम आधाराला अडकवलेला हवा. छोट्या घरावरचा दीड इंची पाइप माणसाचा भार घेण्यासाठी नसतो. त्याचे तणावे सोडून तो खाली आडवा करता येतो का ते आधी पाहा. जवळून विजेच्या तारा जात असतील तर पाइप आडवा करण्याचा विचारही महावितरणच्या माणसाला विचारल्याशिवाय नको. ढग गडगडत असतील तर वर जायचे नाही, मग ग्राहक कितीही वेळा फोन करो. पुण्यातल्या आयआयटीएम या संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या भोवतालच्या विजांची सूचना देते. खांबांवर चढणाऱ्या प्रत्येक पोराच्या फोनमध्ये ते असले पाहिजे, आणि त्याला पाठवणाऱ्या मालकाच्याही.

चढण्याआधी खालून अडॅप्टर बंद करायचा. चालू विजेत जोड उपसला तर पात्यांमध्ये ठिणगी पडते आणि त्या जागचा मुलामा जळतो. तोच जोड पुन्हा खोचला की नेट चालते, पण पुढच्या बिघाडाचे बी तिथे पडलेले असते. वर गेल्यावर आधी खिटी पाहायची, मग पात्यांचा रंग. शंका आली की कनेक्टर खोचून न बघता कापून नवा मारायचा आणि खाली येण्याआधी आठही तारा टेस्टरवर तपासायच्या. केबल हलक्या हाताने हलवत असताना खालच्या माणसाने पोर्टचा वेग आणि चुकांचा आकडा बघत राहायचे. हलवताना आकडा वाढला नाही, वेग घसरला नाही, तर काम झाले.

या कामाचा हंगामही ठरलेला असावा. वळीव सुरू होण्याआधी, फाल्गुनाच्या कोरड्या सकाळी, भागातल्या प्रत्येक खांबावरचा जोड एकदा उघडून बघायचा, टाय बदलायचे, टेप नवी लावायची. मृगाची पहिली मोठी सर झाल्यावर खाली बसून सगळ्या रेडिओंचे आकडे तपासायचे आणि ज्यांचा वेग शंभरवर उतरलाय त्यांची यादी करायची. दिवाळीनंतर त्या यादीतले खांब पुन्हा पाहायचे. सेवा देणारा हे स्वतःहून करत नसेल तर ग्राहकाने मार्चमध्ये फोन करून मागावे.